एक टक्का लांब पट्टी

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात पंपाची बॉडी मशिनिंग होऊन आली की तिची पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते. दोन्ही तोंडे जाड प्लेटा लावून बंद करायची, आत पाणी भरायचे, अडकलेली हवा काढून टाकायची आणि हातपंपाने दाब चढवत न्यायचा. पंप ज्या दाबावर चालणार आहे, त्याच्या दीडपट दाब ठरलेल्या वेळेपर्यंत टिकला, तरच ती बॉडी पुढे जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका बॉडीवर, फ्लॅंजच्या, म्हणजे नळी जोडायच्या रुंद कडेच्या, खाली गळा सुरू होतो तिथे, एक बारीक थेंब दिसला. चाचणी करणाऱ्याने तो फडक्याने पुसला. दाबाचा काटा जागचा हललेला नव्हता, तरीही थोड्या वेळाने थेंब पुन्हा त्याच जागी उगवला. आमच्याकडे नव्यानेच लागलेल्या तरुण इंजिनिअरने नाकारलेल्या मालाचा फॉर्म पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहून टाकले, ‘फाउंड्रीची निष्काळजी कारागिरी’. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. रकाना होता, तो भरायचा होता, आणि आमच्या क्षेत्रात हे कारण इतके सवयीचे झालेले आहे की ते लिहिताना कोणाचाही हात अडखळत नाही.

मला मात्र ते वाक्य दिवसभर सलत राहिले, कारण गळती सगळ्यांनी पाहिली होती, पण तिचे कारण कोणीच पाहिलेले नव्हते.

माझे वडील, आमचे अण्णा, वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नमेकर होते. वाळूच्या साच्यात ज्याचा ठसा उमटवायचा तो लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, ते घडवत. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक ठाण्यात उभी राहिली. त्या वसाहतीच्या भोंग्यांवर आमच्या किसननगरातल्या चाळींची घड्याळे चालत. अण्णा कणकवलीकडून सुतारकीची हत्यारे घेऊन आले होते. गावी दारे-खिडक्या आणि देव्हारे करणारा हा माणूस इथे सागवानात पंप, व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्स घडवू लागला. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाला सागाच्या भुशाचा आणि लाखेच्या पॉलिशचा वास असे. शेजारचे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, काका जिन्यावरून गेले की मागे राहणारा जळक्या कोळशाच्या भुकटीचा वास अगदी वेगळा होता. डोळे मिटूनही मला कळे की जिन्यावरून कोण गेले.

अण्णांच्या पेटीत पोलादाच्या काही पट्ट्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत. एकदा कंपासपेटीतली पट्टी मोडली म्हणून मी त्यातली एक शाळेत नेली आणि भूमितीच्या वहीत सगळ्या आकृत्या तिने काढल्या. बाईंनी प्रत्येक रेषेखाली लाल खूण केली, कारण दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेषा एक मिलिमीटरने जास्त भरत होती. घरी येऊन मी रडत वही दाखवली तेव्हा अण्णांनी पट्टी माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाले, “अगं, ही बिडाची पट्टी आहे, वहीची नव्हे.” मग त्यांनी जमिनीवर बसून मला समजावले की वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात गोठले आणि गार होत गेले की ते आकसते, साधारण शंभराला एक. म्हणून लाकडाचा पॅटर्न त्या प्रमाणात मोठा करावा लागतो. प्रत्येक मापात एक टक्का मिळवत बसले तर केव्हातरी हिशेब चुकणारच, त्यापेक्षा पट्टीच एक टक्का लांब करून घेतलेली बरी. ॲल्युमिनियमची पट्टी याहून थोडी लांब, आणि पोलादाची तर शंभराला दोन. धातूगणिक वेगळी पट्टी, आणि प्रत्येकीवर आकडे मात्र तेच. त्या वयात मला सर्वांत नवल वाटले ते याचे, की माझे वडील रोज जी वस्तू करतात ती मुद्दाम चुकीच्या मापाची करतात, आणि ती तशी केली म्हणूनच शेवटी माप बरोबर येते.

पॅटर्न पाहून मूळ वस्तू ओळखणे नवख्याला जमत नाही. जिथे पंप पोकळ असतो तिथे पॅटर्न भरीव असतो, कारण पोकळी करण्याचे काम कोरचे. तो वाळूचाच वेगळा तुकडा कोरबॉक्समध्ये घडतो आणि साच्यात नेमका बसावा म्हणून पॅटर्नला दोन्ही टोकांना जास्तीचे खुंट ठेवावे लागतात. साच्यातून पॅटर्न वर उचलताना वाळूची कड तुटू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. ज्या पृष्ठभागावर पुढे लेथ किंवा मिलिंग चालणार, तिथे काही मिलिमीटर माल जास्त ठेवायचा. आतले कोपरे काटकोनात सोडायचे नाहीत, त्यांत चामड्याची किंवा मेणाची पट्टी बसवून गोलाई आणायची, कारण टोकदार कोपऱ्यात गोठणाऱ्या धातूला चीर जाते. हे सगळे अण्णा रेखाचित्रावर बोट ठेवून बोलत असत, आणि रेखाचित्र काढणाऱ्याबद्दल त्यांचे मत त्या पाच मिनिटांत तयार होत असे. “याने बीड ओतताना कधी पाहिलेलं नाही,” असे ते एखाद्या कागदाकडे पाहून म्हणत. रागाने कधीच म्हणत नसत, पण त्या दिवशी त्यांना घरी यायला उशीर होई.

ती गळकी बॉडी घेऊन मी फाउंड्रीत गेले. आमच्याच औद्योगिक पट्ट्यात मागच्या बाजूला ती अजून तग धरून आहे. तिथले मिस्त्री कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये उमेदवारी करून इकडे आलेले आहेत. मी फॉर्म दाखवला नाही, बॉडी दाखवली. त्यांनी गळतीच्या जागी खडूने वर्तुळ केले आणि म्हणाले, “मॅडम, कापून बघू. उगीच अंदाज कशाला?” कापण्याचे यंत्र मोकळे व्हायला वेळ होता, तोवर मी शॉपमध्ये फिरत राहिले.

साच्याची वाळू पाहिल्यावर ती नुसतीच काळी, ओलसर माती वाटते. प्रत्यक्षात तिच्यात मोजून मापून घातलेल्या गोष्टी आहेत. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका, कच्छकडचे बेंटोनाइट, कोळशाची बारीक भुकटी आणि शंभराला तीन-चार भाग पाणी. बेंटोनाइट कणांना बांधते. कोळशाची भुकटी धातूच्या उष्णतेने जळून साच्याच्या भिंतीवर कार्बनचा पातळ थर धरते, त्यामुळे बीड वाळूला चिकटत नाही. पाणी कमी झाले तर कडा ढासळतात, जास्त झाले तर त्याची वाफ होते, आणि पाण्याचे वाफेत रूपांतर होताना आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढते. त्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते. प्रयोगशाळेत यंत्रे आहेत, ओलावा आणि ताकद दोन्ही मोजली जातात, तरीही मिस्त्री जाता-येता ढिगातली मूठभर वाळू उचलतात, बेसनाचा लाडू वळावा तशी दाबतात आणि दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडतात. मोडलेली कड धारदार राहिली आणि तळहाताला फार चिकटले नाही, की ते पुढे सरकतात. त्यांच्या मुठीचा आणि यंत्राचा निकाल मी ताडून पाहिला, आणि यंत्राच्या आकड्यापेक्षा मला त्यांच्या चेहऱ्यावरून आधी कळले की आज वाळू थोडी ओली आहे.

ओली असणारच. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या खाडीकडून येणारी हवा अंगावर बसते, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते. त्याच हवेत सोडियम सिलिकेटचे कोर करून ठेवले तर ते ओलावा ओढतात आणि हाताखाली भुसभुशीत होतात. म्हणून पावसाळ्यात इथे कोर फार दिवस साठवत नाहीत, आणि साच्यात बसवण्यापूर्वी गरम करून घेतात. भट्टीत टाकायचे भंगारही आधी तापवून कोरडे करतात, कारण वितळलेल्या धातूखाली ओला तुकडा गेला तर त्याचा स्फोट होतो आणि जवळचा माणूस वाचेलच असे नाही. मुंबई-ठाण्याच्या पावसावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या चार महिन्यांत भंगाराचा प्रत्येक तुकडा कोरडा आहे ना, हे पाहत भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पूर्वी वागळे इस्टेटमध्ये क्युपोला असत. उंच उभी भट्टी, वरून कोक, भंगार, पिग आयर्न आणि चुनखडीचे थर टाकायचे, खालून हवा फुंकायची, आणि मातीचा गोळा ठोकून बंद केलेले तोंड सळईने फोडले की धार सुरू. आता विजेवरची इंडक्शन भट्टी आहे. तांब्याच्या नळीची गुंडाळी, तिच्यातून वाहणारे थंड पाणी, आणि आतल्या बाजूला ठोकून बसवलेले सिलिकाचे अस्तर. एक टन बीड वितळवायला सुमारे ६०० युनिट वीज लागते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. त्यात कार्बन मिसळत गेला की हा आकडा खाली येतो आणि ४.३ टक्क्यांच्या आसपास तो ११५० अंशांपर्यंत उतरतो. आमच्या बॉडीच्या बिडात कार्बन साधारण सव्वातीन टक्के आणि सिलिकॉन दोनच्या आसपास असते. हे बीड साच्याच्या पातळ भागांतही पोहोचावे म्हणून ते १३५० ते १४०० अंशांवर ओततात.

ओतण्यापूर्वी मिस्त्रींनी पळीभर धातू एका छोट्या पाचरीच्या साच्यात ओतला, गोठल्यावर पाण्यात गार केला आणि हातोड्याने तोडला. तुटलेला भाग त्यांनी मला दाखवला. पाचरीच्या निमुळत्या टोकाशी पांढरा, चकाकणारा पट्टा, आणि त्यामागे मऊसर करडा रंग. धातू फार वेगाने गोठला की कार्बन लोखंडाशी बांधला जाऊन पांढरे, काचेसारखे ठिसूळ बीड होते. सवड मिळाली की तोच कार्बन ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन बाहेर पडतो आणि बीड करडे, कापायला सोपे होते. आमच्या घरी ज्या बिडाच्या तव्यावर घावन निघतात, तो याच जातीचा. पांढरा पट्टा त्यांना हवा त्याहून रुंद वाटला, म्हणून लॅडलमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या मोठ्या पळीत, फेरोसिलिकॉनची चिमूट वाढवायला सांगितली. त्या चिमटीचा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो, म्हणून त्यानंतर शॉपमध्ये कोणी बोलत नव्हते. मळी ओढून बाजूला केली, लॅडल साच्याच्या पहिल्या बॉक्सवर आली आणि धार न तुटता शेवटपर्यंत चालू राहिली. धार मध्येच तुटली तर साच्यात धातूचे दोन प्रवाह थंड होऊन भेटतात आणि त्यांची सांधणी होत नाही. बॉक्सच्या फटींतून आणि हवेच्या छिद्रांतून निघणाऱ्या वायूंनी पेट घेतला आणि निळसर ज्योती सगळ्या कडेने थरथरत राहिल्या. रायझरमध्ये, म्हणजे आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवण्यासाठी साच्यात ठेवलेल्या उभ्या पोकळीत, केशरी धातू वर येऊन थांबला, तेव्हा ओतणाऱ्याने पहिल्यांदा श्वास सोडला.

बॉडी कापून झाली होती. गळ्याच्या छेदात, फ्लॅंज आणि भिंत जिथे मिळतात तिथे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत काळपट बारीक छिद्रे होती. मिस्त्रींनी भिंग दिले आणि म्हणाले, “आतनं बघा.” वायू अडकून पडलेले भोक आतून गोल आणि गुळगुळीत असते, बऱ्याचदा चकचकीत. ही छिद्रे वाकडीतिकडी होती आणि त्यांच्या भिंतींवर धातूचे बारीक फाटे उभे दिसत होते. याचा अर्थ वाफ किंवा वायू नव्हे. ही आकसण्याची पोकळी होती. मग त्यांनी आमचे रेखाचित्र जमिनीवर पसरले आणि पेन्सिलीने छेदात वर्तुळे काढली. भिंतीत बसणारे लहान वर्तुळ, फ्लॅंजमध्ये बसणारे मोठे, आणि दोन्हींच्या सांध्यावर प्रेशर गेजसाठी आमच्या डिझाइन विभागाने मागाहून वाढवलेला जाड उंचवटा, जिथे सर्वांत मोठे वर्तुळ मावत होते. त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पातळ भाग होते. पातळ भाग आधी गोठले आणि रायझरकडून येणारी वाट बंद झाली. मधला जाड गोळा उशिरा गोठू लागला तेव्हा त्याला आकसण्यापुरता धातू कुठून मिळणार? आणि नेमक्या त्याच जागी आम्ही गेजसाठी भोक पाडले, त्यामुळे पाण्याला आतून बाहेरपर्यंत वाट मिळाली.

अण्णांची पट्टी इथे काहीच करू शकली नसती. धातू तीनदा आकसतो. द्रव असताना, गोठताना, आणि गोठल्यावर गार होताना. पट्टीत हिशेब असतो तो फक्त तिसऱ्या आकसण्याचा. पहिली दोन रायझरने भरून काढायची असतात, आणि रायझरपासून वाट उघडी राहील की नाही हे रेखाचित्र काढणाऱ्याने कागदावर ठरवून टाकलेले असते.

मिस्त्री प्रामाणिक होते. ते आपणहून म्हणाले की त्या दिवशी एक नवीन मुलगा बॉक्स ठोकत होता आणि साचा कदाचित मऊ राहिला असेल. करड्या बिडात गोठताना ग्राफाइट वेगळे होते आणि ते फुगते. साचा कडक असेल तर हे फुगणे आतच दाबले जाऊन पोकळी भरायला मदत होते, मऊ असेल तर साच्याची भिंतच मागे सरते आणि ती मदत वाया जाते. म्हणजे थोडा दोष त्यांच्या बाजूलाही होता. पण साचा थोडा मऊ असूनही त्याच दिवशी ओतलेल्या, त्या उंचवट्याविना असलेल्या जुन्या डिझाइनच्या बॉड्या चाचणीत पास झाल्या होत्या. ती नोंद आमच्याच रजिस्टरमध्ये होती. फॉर्म भरण्यापूर्वी ते रजिस्टर कोणीही उघडले नव्हते.

ओतकामाचे यश कोणाच्या नावावर जाते, याचा विचार त्यानंतर माझ्या मनात घोळत राहिला. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे, आणि तिच्यावर ती घडवणाऱ्या रूमी ओतकाराचे नाव कोरलेले आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा १७२१ सालची, पोर्तुगीजांकडची. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती तिथे पोहोचली, आणि तिच्यावर अजून ती पोर्तुगीज अक्षरे आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली सापडलेले ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ भरीव आहेत, चारही मिळून ६० किलोंहून जड. त्यांच्या कर्त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत, पण रथ हाकणारा माणूस आणि त्याच्यापुढचे बैल पाहताना त्या हातांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. महात्मा फुले यांनी १८६३ च्या सुमारास धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा व्यवसाय केला होता, हे आपण त्यांच्याविषयी बोलताना क्वचितच आठवतो. आज पंपावर कंपनीची पाटी असते, मोटारीवर मोटारीच्या कंपनीची. फाउंड्रीचे नाव ठळक लिहिले जाते ते नाकारलेल्या मालाच्या फॉर्मवर. हे मला अन्यायाचे वाटते, आणि सौम्य शब्दांत सांगण्याची मला इच्छा नाही.

वागळे इस्टेटमध्ये आता काचेच्या इमारती आहेत, जुन्या शेडच्या जागी कार्यालये आणि उपाहारगृहे आहेत. अण्णांच्या फाउंड्रीची जागा मला रोड नंबर १६ वर उभे राहूनही चटकन सांगता येत नाही. फाउंड्र्या गेल्या याचे मला दुःख आहे, पण त्या जायला नको होत्या असे मी म्हणू शकत नाही. क्युपोलाचा धूर आमच्या चाळीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत असे. जिन्यावरच्या त्या मोल्डर काकांना पुढे दम लागू लागला, तीन पायऱ्यांनंतर कठडा धरावा लागे. वाळूची ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. त्या काळी मास्क म्हणजे नाकाला बांधलेला रुमाल होता. आज आमच्या मिस्त्रींच्या शॉपमध्ये धूळ ओढून घेणारे पंखे आहेत आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, पोरांना मास्क देतात, पण गरम होते म्हणून ती पोरे तो गळ्यात अडकवून ठेवतात. मी दर वेळी सांगते. मिस्त्री माझ्यापेक्षा मोठ्याने सांगतात. तरीही संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर ती धूळ दिसते आणि मला ते मोल्डर काका आठवतात.

त्या तरुण इंजिनिअरला मी नंतर फाउंड्रीत पाठवले, दिवसभरासाठी, ओतणी पाहायला. परत आल्यावर त्याने गेजचा उंचवटा सांध्यापासून दूर, सलग जाडीच्या भागात हलवावा असा प्रस्ताव स्वतः लिहिला, आणि त्यात वर्तुळेही काढली. डिझाइन विभागाने तो मान्य केला. नव्या जागेच्या बॉड्या चाचणीत टिकत आहेत. आता आमचे प्रत्येक नवे रेखाचित्र पक्के होण्याआधी मिस्त्रींकडे जाते. गेल्या आठवड्यात त्यांनी एका मोठ्या पंपाच्या कागदावर दोन जागी खुणा करून पाठवल्या. एक खूण कोपऱ्याच्या गोलाईची होती, ती लगेच स्वीकारली गेली. दुसरी फ्लॅंजकडे भिंत हळूहळू जाड करत नेण्याची आहे, आणि तिला खरेदी विभागाचा विरोध आहे, कारण कास्टिंग किलोच्या भावाने विकत घेतले जाते आणि प्रत्येक बॉडीचे वजन त्यामुळे वाढणार आहे. मी मिस्त्रींच्या बाजूने आहे. वाढीव वजनाची किंमत आणि गळतीमुळे नाकारल्या गेलेल्या मालाची किंमत एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडायला मी घेतली आहे, आणि सोमवारच्या बैठकीला मिस्त्रींनाही बोलावले आहे.